घरच्या शेडमध्ये मोटारसायकलचं इंजिन: दोन वर्षांचा हिशेब

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इंजिन चालू झालेलं बघून प्रत्येकजण हेच विचारतो: "सगळं घरीच केलं?" नाही. क्रँककेसचे (पिस्टनची ये-जा गोल फिरण्यात बदलणारा क्रँक ज्यात बसतो त्या पेटीचे) दोन्ही भाग, सिलिंडरचं जाकीट (बाहेरचं आवरण), हेड (वरचं झाकण), फ्लायव्हील, पुशरॉड आणि बारीकसारीक ब्रॅकेटं मी ड्रॉइंग करून बनवली किंवा बनवून घेतली. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंगवाला कनेक्टिंग रॉड, कॅम, टायमिंग गिअर, ऑइल पंप, कार्ब्युरेटर हे सगळं दुकानातलं, बुलेटचं. ओतकाम उद्यमनगरात, उष्णता प्रक्रिया शिरोली एमआयडीसीत. उरलेलं फुलेवाडीत घरामागच्या दहा बाय चौदाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नोकरी सांभाळून, बहुतेक रविवारी.

काय बनवायचं आणि काय विकत आणायचं, ही यादी करण्यात जितका वेळ घालवाल तितके पैसे वाचतील. कॅम घरी घासायचा हट्ट धरला असता तर मी अजून कॅमवरच असतो.

बुलेटचे सुटे भाग घ्यायचं कारण साधं आहे. ते कोल्हापुरात कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात, आणि जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा असतो. म्हणजे आपण फक्त इंजिन बनवायचं, मधे प्रायमरी चेन टाकायची, गिअरबॉक्सच्या भानगडीत पडायचं नाही. बुलेट ३५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, त्यातून ३४६ सीसी होतात. मी पिस्टन तोच ठेवला आणि स्ट्रोक ७८ मिमी केला. हिशेबाने ३०० सीसी. स्ट्रोक कमी केला की फ्लायव्हील लहान होतं, क्रँककेस लहान होते, आणि ५००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटरवरून १३ मीटरवर येतो. पहिल्यांदा करणाऱ्याला तेवढीच सूट बरी.

जानेवारी २०२३ मध्ये साडेचार फुटी जुना लेथ घेतला, ५८ हजारांना. बेड झिजलेला आहे का हे बघायला चकजवळ आणि टेलस्टॉकजवळ कॅरेज घट्ट-सैल होते का ते हाताने फिरवून बघा. झिज नेहमी चकजवळ असते, कारण सगळं काम तिथेच होतं. लेथची मोटर थ्री-फेज, घरात सिंगल फेज. इथे दोन वाटा. थ्री-फेज कनेक्शनसाठी अर्ज, परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा चाचणी अहवाल, कोटेशन, भरणा, मग मीटर. किंवा सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, जो स्वतःच तीन फेज तयार करून मोटरला देतो. माझी मोटर दोन एचपीची, म्हणून व्हीएफडी घेतला, साडेनऊ हजारांत काम झालं. मंजूर भार मात्र वाढवून घेतला. वायरमन म्हणत होता, "कशाला, चालतंय की." शेजाऱ्यांचे दिवे लेथ सुरू करताना मिचमिचायला लागले तर पहिली तक्रार आपल्याच नावाने जाणार, म्हणून अर्ज केला. महिनाभर गेला.

मोजमापाची हत्यारं आधी घ्या, यंत्रं नंतर. ०–२५, २५–५० आणि ५०–७५ चे मायक्रोमीटर, एक बोअर गेज, मॅग्नेटिक स्टँडसकट डायल, व्ही ब्लॉकची जोडी. माझे यात बारा हजार गेले, काही जुन्या बाजारातलं होतं, ते स्लिप गेजवर तपासून घेतलं.

ड्रॉइंगं एप्रिलपर्यंत झाली. ती घेऊन उद्यमनगरात पॅटर्नवाल्या (ज्याचा ठसा मातीत उमटवून ओततात तो लाकडी नमुना करणाऱ्या) मेस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, अजूनही रंधा स्वतः चालवतात. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "चित्र झकास हाय. पन साचा मातीतनं निघणार कसा?" मग त्यांनी मला समोर बसवून पेन्सिलीने प्रत्येक उभ्या भिंतीला उतार दिला, कोपऱ्यांना गोलाई दिली, जिथे मशीनिंग आहे तिथे तीन मिमी जास्तीचं मटेरियल धरलं. ॲल्युमिनियम थंड होताना मीटरमागे साधारण १३ मिमी आकसतं, बीड (ओतीव लोखंड) साधारण १० मिमी. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी पट्टी असते, तिच्यावरचे मिलिमीटर मुळातच तेवढे मोठे कोरलेले. नेहमीच्या पट्टीशेजारी ठेवली की फूटभर लांबीत फरक डोळ्यांना दिसतो. सागवानी पॅटर्न आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, पाडायचे साचे) मिळून १६,५०० रुपये, आणि मे-जून दोन्ही महिने.

हेडच्या फिनवरून (हवेने गार करणाऱ्या पात्यांवरून) आमची बरीच घासाघीस झाली. मला पातळ आणि खूप फिन हव्या होत्या. मेस्त्री म्हणाले, "पातळ फिनात रस पोचायच्या आधी गारठतो." शेवटी मुळाशी पाच मिमी, टोकाशी तीन मिमी, आणि संख्येने दोन कमी. आज बघताना त्या जाड फिन जरा गावठी दिसतात खऱ्या, पण सगळ्या भरल्या आहेत.

आता ओतकाम. कोल्हापूर म्हणजे फौंड्रीचं गाव, त्यामुळे हे सगळ्यात सोपं जाईल असं वाटेल. इथल्या बहुतेक फौंड्र्या बिडाच्या आहेत, आणि त्या टनात बोलतात. दहा-बारा किलो ॲल्युमिनियमचं गिऱ्हाईक त्यांना परवडत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. लहान तेलभट्टीवर ॲल्युमिनियम ओतणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो पॅटर्नवाल्या मेस्त्रींच्या ओळखीनेच सापडतो. आपण थेट गेलो तर "नंतर या" एवढंच उत्तर मिळतं. मेस्त्रींनी फोन केला तर चहा मिळतो.

मिश्रधातू एलएम २५ ठरवला. त्यात सिलिकॉन साधारण सात टक्के आणि थोडं मॅग्नेशियम असतं. ओतायला बरा, आणि नंतर उष्णता प्रक्रियेने कडक करता येतो. भंगारातले पिस्टन आणि खिडक्यांचे तुकडे वितळवू नका, त्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. इंगट (ठरलेल्या मिश्रणाच्या तयार विटा) घ्या.

पहिलं ओतकाम जुलै २०२३ मध्ये झालं. कोल्हापुरातला जुलै. आठ दिवस सूर्य नाही, पंचगंगा पात्राबाहेर, शेडमधल्या भिंतींना हात लावला तर ओला होतोय. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्याशी रासायनिक क्रिया करतं आणि त्यातला हायड्रोजन पोटात घेतं. थिजताना तो हायड्रोजन बाहेर पडू बघतो आणि आतच बारीक छिद्रं करून अडकतो. कास्टिंग वरून सुंदर दिसत होतं. लेथवर फेस मारला (वरचा थर सपाट कापला) तशी त्या चकाकत्या पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी ठिपक्यांची रांगोळी उमटली. क्रँककेसच्या भागात रॉकेल ओतून ठेवलं, सकाळी बाहेरून घाम फुटल्यासारखं झिरपलेलं.

भट्टीवाले काका म्हणाले, "पावसात ह्ये असंच. दसरा होऊंदे." कास्टिंग परत वितळवायला ठेवून घेतली आणि पैसे फक्त मजुरीचे लावले.

त्या तीन महिन्यांत बसून राहिलो नाही. सिलिंडरची बिडाची स्लीव्ह (जिच्यात पिस्टन सरकतो ती आतली नळी) आणली, आणि सी-४५ पोलादाच्या गोळ्यांतून फ्लायव्हील उतरवायला घेतली. २३ ऑक्टोबरला खंडेनवमी. लेथला, मायक्रोमीटरला, हळद-कुंकू लावलेल्या सागवानी पॅटर्नला झेंडूचे हार घातले. मुलीने व्हर्निअरला राखी बांधावी तसा दोरा गुंडाळला, तो अजून तसाच आहे.

नोव्हेंबरात दुसरं ओतकाम. या वेळी मी पूर्ण वेळ उभा होतो, आणि तुम्हीही उभे राहा, शिकायला तेच मिळतं. इंगट आधी भट्टीच्या कडेला तापवून कोरडे केले. कोअर पांढऱ्या वाळूत सिलिकेट मिसळून, वर कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेले, तेही शेकून घेतले. रस साधारण ७२० अंशांवर आल्यावर काकांनी घंटेच्या आकाराच्या दांड्यात डिगॅसिंगची (रसातला वायू बाहेर काढणारी) गोळी धरून थेट क्रुसिबलच्या तळाशी दाबली. रस खदखदला, पांढरा धूर आला, सगळे दोन पावलं मागे सरले. (तो धूर अजिबात नाकात जाऊ देऊ नका.) वरची राखाडी साय काढली. मग एका बिडाच्या तुकड्यावर थोडा रस टाकून, थिजल्यावर मोडून तुटलेली बाजू उन्हात धरून बघितली. मान हलवली आणि ओतायला घेतलं. एकदा सुरू केलं की धार तोडायची नाही. चारही साचे एका दमात. आमच्यात कुणी बोलत नव्हतं, फक्त काकांचा मुलगा रायझरमध्ये (साच्यातून वर येणाऱ्या नळीत) रस वर आला की "आला" म्हणायचा.

उष्णता प्रक्रियेवाल्यांचं किमान बिल असतं. आपलं काम लहान, म्हणून कुणाच्या तरी ॲल्युमिनियमच्या लॉटबरोबर जायची तयारी ठेवा. माझे तीन आठवडे वाट बघण्यात गेले, पण काम १,८०० रुपयांत झालं. साधारण ५४० अंशांवर काही तास, गरम पाण्यात विझवणं, मग १६०-१७० अंशांवर आठ-दहा तास. मशीनिंग त्यानंतर, कारण या प्रक्रियेत कास्टिंग थोडं तरी वेडंवाकडं होतं. फक्त रफ कट आधी.

क्रँककेसचे दोन्ही भाग डॉवेल घालून एकत्र बांधले आणि दोन्ही बेअरिंगची घरं एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घेतली, बाहेरच्या व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर). हे काम झिजलेल्या लेथवर करायचं नाही. एका बाजूला ६२०६ बॉल बेअरिंग, चेनच्या बाजूला एनयू २०६ रोलर बेअरिंग, दोन्ही ३० बाय ६२ बाय १६. केस शेगडीवर तापवायची, पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचत उडाला की बेअरिंग नुसतं सोडायचं. हातोडा लागलाच तर समजा काहीतरी चुकलंय.

सिलिंडरचंही तसंच. जाकीट दोनशे अंशांवर, स्लीव्ह रात्रभर डीप फ्रीजरमध्ये. गुलाबजामच्या डब्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्लीव्ह बघून बायकोने काहीच विचारलं नाही, तोवर तिची सवय झाली होती. बसवायला दोन-तीन सेकंद मिळतात. नंतर बोअर आणि होनिंग (दगडाने बारीक घासणं) उद्यमनगरातच करून घेतलं, पिस्टन हातात देऊन. क्लिअरन्स (पिस्टन आणि स्लीव्हमधली फट) साडेतीन थाउ, म्हणजे इंचाचे साडेतीन हजारांश.

क्रँक सगळ्यात जास्त रडवतो. फ्लायव्हीलमध्ये क्रँकपिन वीस टनी प्रेसवर दाबली. व्ही ब्लॉकवर ठेवून दोन्ही शाफ्टना डायल लावला तर सुई मिलिमीटरचे वीस शतांश हलत होती. आता पितळी हातोडा. कुठल्या फ्लायव्हीलवर, कुठल्या अंगाने, किती जोरात, हे शब्दांत शिकवता येत नाही. ठोका, मोजा, ठोका, मोजा. फेब्रुवारी २०२४ मधल्या एका रविवारी दुपारी सुई दोन शतांशात आली आणि मी डायल तसाच ठेवून जेवायला गेलो.

बॅलन्सिंगसाठी पिस्टन, रिंगा, पिन आणि कनेक्टिंग रॉडचं लहान टोक यांचं वजन लागतं. माझा घरचा काटा दर वेळी वेगळा आकडा दाखवायचा, म्हणून गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोन्याच्या गिऱ्हाइकांच्या मधे बुलेटचा पिस्टन. एकाने विचारलं, "किती कॅरेट?" एका सिलिंडरच्या इंजिनात हा समतोल पूर्ण साधत नाही. वर-खाली जाणाऱ्या वजनाचा जितका भाग फ्लायव्हीलमध्ये धराल, तितका धक्का उभ्याकडून आडव्या दिशेला वळतो. मी ६० टक्के धरला आणि त्या हिशेबाने फ्लायव्हीलला भोकं पाडली.

हेडचं काम उन्हाळ्यात. सीट ४५ अंशांच्या, गाईड फॉस्फर ब्राँझचे, व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घासलेले. पोर्टमध्ये पेट्रोल ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं, सीटवर ओल आली तर परत घासायचं. कॉम्प्रेशन साडेसातला एक हवं होतं, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा तो वर असताना उरणाऱ्या जागेच्या (चेंबरच्या) साडेसातपट. ३०० भागिले साडेसहा, म्हणजे चेंबर ४६ सीसी. जुळणी करून पिस्टन वरच्या टोकाला आणला, कडेने ग्रीस लावलं, इंजिन तिरकं धरून प्लगच्या भोकातून मेडिकलमधल्या ५० मिलीच्या सिरिंजने पातळ ऑइल सोडलं. ४३ वरच भरलं. म्हणजे जवळजवळ आठला एक. सत्तर मिमीच्या बोअरला गॅसकेटचा प्रत्येक मिलिमीटर ३.८५ सीसी देतो. ०.८ च्या जागी १.६ मिमीचं तांब्याचं गॅसकेट कापलं, लाल करून पाण्यात टाकून मऊ केलं, आणि चेंबर ४६ वर आला.

याच दरम्यान आरटीओची चौकशी करून घेतली. हे खरं तर पहिल्या महिन्यात करा. घरी बनवलेलं इंजिन गाडीत बसवून रस्त्यावर फिरवता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायला परवानगी लागते, आणि ती कंपनीच्या त्याच प्रकारच्या इंजिनासाठी असते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला नकार दिला. नवीन वाहन म्हणून मंजुरी हवी तर नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुन्याची चाचणी, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मर्यादा. कार्ब्युरेटरवाल्या माझ्या इंजिनाला ते दार बंदच आहे. खिडकीवरच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बनवा की. शेतात चालवा."

म्हणून गाडी घेताना एमएच-०९ ची, आरसीसकट, चेसिस आणि इंजिन नंबर ताडून घेतली, ६५ हजारांना. तिचं मूळ इंजिन उतरवून ऑइल भरून, गोणपाटात बांधून ठेवलं आहे. कधी विकायची झाली तर तेच परत बसेल. बिनकागदाची स्वस्त चेसिस घेऊ नका, पोलिसांना समजावत बसाल.

दिवाळी २०२४ नंतर शेवटची जुळणी. आधी प्लग काढून, लेथच्या मोटरने पट्ट्यावर इंजिन फिरवलं, रॉकरपर्यंत ऑइल चढेपर्यंत. मग शेडचं शटर पूर्ण उघडं (बंद जागेत धूर जीवघेणा असतो), अग्निशामक नळकांडं हाताशी, पेट्रोल सलाईनच्या बाटलीत पाव लिटर. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मुद्दाम थोडं मागे ठेवलं होतं, किकने पाय उलटा मारू नये म्हणून. जानेवारी २०२५ मधल्या त्या संध्याकाळी बऱ्याच किका वाया गेल्या, एकदा कार्ब्युरेटरमधून फाटकन आवाज आला, शेजारचे काका भिंतीवरून डोकावले. प्लग पुसून, चोक अर्धा करून परत मारली. पकडलं. वीसेक सेकंद चाललं, मी बंद केलं आणि खाली किती ऑइल पडलंय ते बघत बसलो. मुलगी म्हणाली, "परत लावा की." परत लावलं.

फेब्रुवारीत छोटा हत्ती करून गाडी कागलजवळ मामांच्या रानात नेली. गुऱ्हाळामागचा ऊस तुटून गेला होता. मामांनी ऐन उमेदीत चरकावर ऑइल इंजिनं चालवलेली, त्यांना सीसी-बीसीत रस नाही. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, डोकं तिरकं करून ऐकलं आणि म्हणाले, "एक्झॉस्टचा टॅपेट सैल हाय." गार झाल्यावर फीलर गेजने बघितलं, होता. ताशी चाळीसच्या वर अजून नेलेली नाही. साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास हँडलला मुंग्या येतात, तो ६० टक्क्यांचा हिशेब थोडा बदलून बघायचा आहे.

खर्च विचाराल तर लेथ आणि गाडी सोडून एक लाख दहा हजारांच्या आसपास. त्यात हत्यारं आली, जी पुढेही राहतील, आणि वाया गेलेलं ओतकामही आलं. याच पैशात चालू बुलेट मिळते हे सासऱ्यांनी दोनदा सांगितलंय.

सध्या हेड उतरवलं आहे. पिस्टनच्या स्कर्टवर दोन्ही अंगांना एकसारखी घासल्याची खूण आहे, ती चालेल. इनटेक गाईडमधून ऑइल खाली येतंय आणि रॉकर कव्हर एका कोपऱ्यात पाझरतंय. कव्हरचा पॅटर्न मेस्त्रींकडे कड रुंद करायला दिलाय. नवं ओतकाम पाऊस सुरू व्हायच्या आत, मे महिन्यात उरकायचं आहे.